मच्छरदाणी वाटली, पण टांगली का?

मागच्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपने राई-मुर्धा पट्ट्यात मच्छरदाण्या वाटल्या. एका बाजूला खाडी नि मिठागरं, दुसरीकडे भाईंदरचे वाढते टॉवर. डासांची इथे चंगळच! एका दुपारी सगळा गठ्ठा संपला. फोटो झाले, रील झाली, लाइक्सही आले. आपण काहीतरी भारी केलंय, असं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी त्याच गल्लीत आमची एक मच्छरदाणी दिसली. कोंबडीच्या खुराड्यावर! आधी हसू आलं, मग राग. पण घरातल्या आजींनी सरळच विचारलं, "बाळा, एका खोलीत आम्ही सहा जणं. ही बांधू कुठं? पहिल्याच रात्री पोराला खाज सुटली, मग काढून टाकली."

माझा राग तिथेच जिरला. खिळे आणि दोरी न्यावी, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. ही साधी जाळी नव्हती. तिच्या धाग्यातच कीटकनाशक असतं. म्हणून नवी मच्छरदाणी वापरण्याआधी दिवसभर सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवायची असते. हे आम्ही कुणाला सांगितलंच नाही, कारण पाकिटावरच्या सूचना आम्हीही वाचल्या नव्हत्या.

राज्यात मलेरियाचा मोठा भार सोसणाऱ्या गडचिरोलीत अशा मच्छरदाण्या गावोगाव वाटल्या जातात. तिथेही कुणी रात्री शेतावर जागलीला जातं, कुणी उन्हाळ्यात अंगणात झोपतं. मच्छरदाणी घरात आणि माणूस बाहेर, असं झालं तर उपयोग काय? म्हणूनच आशाताईंचं पुन्हा पुन्हा दारात जाणं, ताप आला की बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासणं महत्त्वाचं ठरतं. तिथे फॅल्सिपेरम मलेरिया अंगावर काढणं जिवावर बेतू शकतं.

आपल्याकडचं दुखणं थोडं वेगळं आहे. शहरात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी डास गटारात नाही, तर टाक्या, पिंपं, बांधकामावरच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तो चावतो रात्री. डेंग्यूचा डास दिवसा. त्यामुळे मच्छरदाणी बांधली आणि गच्चीवरची टाकी उघडीच राहिली, तर काम अर्धंच झालं.

"हे महापालिकेचं काम आहे," असं काही मित्र म्हणतात. बरोबर आहे! फवारणी, तपासणी, बिल्डरला नोटीस हे त्यांनीच करायचं. पण आजींच्या खोलीत खिळा ठोकायला पालिका येणार नाही. तेवढं आपण करू शकतो.

यंदा आम्ही निम्म्याच मच्छरदाण्या वाटणार आहोत. पण सोबत हातोडी, खिळे, दोरी असेल आणि पंधरा दिवसांनी दुसरी फेरी होईल. किती वाटल्या, हा आकडा रीलमध्ये दिसतो. किती जण त्यात झोपले, हे मात्र परत गेल्याशिवाय कळत नाही.

आजींच्या घरी पहिला खिळा ठोकायचाय. येताय का?