धाराशिवची यात्रा ठरवताना आधी तिथी बघा, मग सुट्टी

युरोपला निघालेला मराठी माणूस सहा महिने आधी ट्युलिपची बाग कधी उघडते ते शोधतो. नेदरलँड्समधील क्युकेनहॉफची बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, हे त्याला पाठ असते. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टची सुरुवात ऑक्टोबरात नाही, सप्टेंबरात होते, हेही तो शोधून काढतो. तोच माणूस तुळजापूरला निघताना मात्र ऑफिसची सुट्टी बघतो, गाडीत आई-वडिलांना बसवतो आणि नेमका दसऱ्याच्या दिवशी घाटावर येऊन अडकतो. गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर, तिथून पुढे पायी आणि मग रांग. सत्तरीच्या आईला रांगेत उभे राहवत नाही. शेवटी महाद्वारातून कळसाचे दर्शन घेऊन घरचा रस्ता.

दरवर्षी असंख्य कुटुंबांच्या वाट्याला हे येते. देवीचे बोलावणे नव्हते, असे म्हणून माणसे मनाचे समाधान करून घेतात. बऱ्याचदा चुकलेला असतो तो दिवस.

तारीख का बदलते?

धाराशिव जिल्ह्यातील जवळजवळ सगळे उत्सव तिथीवर चालतात. 2025 मध्ये घटस्थापना 22 सप्टेंबरला होती. 2026 मध्ये ज्येष्ठ महिना अधिक आल्याने ती 11 ऑक्टोबरला आणि दसरा 20 ऑक्टोबरला. म्हणजे गेल्या वर्षीच्या अंदाजाने रजा टाकणारा तब्बल 19 दिवस आधी पोहोचेल. धाराशिव शहरातील ख्वाजा शमशुद्दीन गाजी यांचा उरूस हिजरी पंचांगाने होतो. तो दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक महिन्याची भानगड त्याला नाही.

युरोपातही सगळे सण तारखेला बांधलेले नाहीत. स्पेनमधील सेव्हिलच्या पवित्र आठवड्याच्या मिरवणुका ईस्टरवर अवलंबून असतात, आणि ईस्टर म्हणजे 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. 2026 मध्ये चैत्र पौर्णिमा 2 एप्रिलला आणि ईस्टर 5 एप्रिलला. येरमाळ्याची यात्रा आणि सेव्हिलची मिरवणूक त्या वर्षी एकाच चंद्राच्या भरवशावर. फरक इतकाच की तिकडच्या तारखा पर्यटकाला वर्षभर आधी मोबाईलवर मिळतात. इकडे बहुतेकांना भिंतीवरचे कॅलेंडर चाळावे लागते.

तुळजापूर : गर्दी एकाच उत्सवाला नाही

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून पलंगावर निद्रेसाठी नेली जाते : शारदीय नवरात्राआधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून, दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी. निद्रेच्या काळात नेहमीचे अभिषेक होत नाहीत. लग्नानंतर कुलाचारासाठी किंवा नवस फेडायला येणाऱ्यांनी एवढे तरी आधी विचारून निघावे. पुण्या-मुंबईहून रात्रभर प्रवास करून आल्यावर पुजाऱ्याच्या ओसरीवर हे कळणे फार जड जाते.

दसऱ्याच्या पहाटेचे सीमोल्लंघन हा इथला सर्वात मोठा सोहळा. बुऱ्हाणनगरहून पालखी येते, घोडेगावहून पलंग. मूर्तीला 108 साड्यांचे दिंड बांधले जाते, पालखीत ठेवून मंदिराला प्रदक्षिणा होते, कुंकवाची उधळण होते आणि उजाडायच्या आत देवी पलंगावर विसावते. ज्याला हे पाहायचे आहे त्याने आदल्या दिवशीच मुक्कामाला यावे, रात्र जागून काढायची तयारी ठेवावी आणि लहान मुलांना आणू नये. जो सकाळी नऊला गाडीने पोहोचतो त्याला सोहळा मिळत नाही, त्यानंतरची गर्दी तेवढी मिळते.

कोजागरीची गोष्ट आणखी वेगळी. सोलापूरपासून तुळजापूर सुमारे 45 किलोमीटर. त्या रात्री हा रस्ता चालणाऱ्यांचा असतो. सोलापूर, कलबुर्गी, विजयपूर भागांतून लाखो माणसे अनवाणी निघतात, वाटेत चहा-फराळाचे मांडव असतात, मराठी आणि कन्नड गाणी एकाच घोळक्यात ऐकू येतात. वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवलेली असते. कारने जाणाऱ्याला ही रात्र म्हणजे मनस्ताप, चालणाऱ्याला मात्र ती वर्षभर पुरते. त्या रात्री जायचेच असेल तर सोलापुरातून पायी, नाहीतर घरी दूध आटवावे, हे बरे.

या सगळ्यात कमी लोकांच्या लक्षात असते ते पौषातील शाकंभरी नवरात्र. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत. घटस्थापना होते, जलयात्रा निघते, अलंकार महापूजा होतात. देवी तीच, पूजा त्याच. गर्दी असते, पण अश्विनासारखी श्वास कोंडणारी नाही. ऊन नसते, पाऊस नसतो, शिवारात ज्वारी हुरड्यावर आलेली असते. वयस्कर माणसांना घेऊन, कुलाचारासाठी, मुलांना देवीचे रूप शांतपणे दाखवायला ज्यांना यायचे आहे त्यांनी अश्विनाचा हट्ट सोडून पौष धरावा. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा हे दिवस तेव्हाही गर्दीचे असतात, ते टाळावेत.

दोन गावे, एक खंडोबा

पौषाची शिफारस करण्यामागे आणखी एक कारण आहे. त्याच पौष पौर्णिमेला नळदुर्गजवळ मैलारपूरला खंडोबाची यात्रा भरते. इथला प्रकार महाराष्ट्रात क्वचितच कुठे सापडेल. अणदूर आणि नळदुर्ग अशी दोन गावे, दोन देवळे, पण देव एकच. मूर्ती सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला राहते. मार्गशीर्षात अणदूरची यात्रा झाली की देव नळदुर्गला निघतो. नेताना आणि परत आणताना दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. देव पाहुणा म्हणून येतो आणि ठरल्या मुदतीत परत जातो! भाडेकरारावरून कोर्टात भांडणाऱ्या शहरी माणसाने हे एकदा बघायला हवे.

पण इथेही तीच अडचण. वर्षाच्या बहुतेक दिवशी नळदुर्गच्या देवळात जाणाऱ्याला ती मूर्ती दिसणार नाही, कारण ती अणदूरला असते. पौषात अणदूरला जाणाऱ्याचे तसेच.

2027 मध्ये पौष पौर्णिमा 22 जानेवारीला, शुक्रवारी येते. दोन-तीन दिवस आधी तुळजापूरचे दर्शन उरकून पौर्णिमेला मैलारपूर गाठले तर एका मुक्कामात दोन्ही होतात. अंतर तासाभराचेही नाही.

नर-मादीचा भरवसा पावसावर

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल हे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातील काम. नदीला पाणी आले की बंधाऱ्याच्या दोन सांडव्यांवरून ते कोसळते, त्यालाच नर आणि मादी धबधबा म्हणतात. महालाच्या सज्जात उभे राहिले की पाण्याचा पडदा समोर आणि आपण त्याच्या आत. चारशे वर्षांपूर्वीच्या स्थापत्यकाराने पाण्याशी केलेली ही गंमत आजही जशीच्या तशी चालते.

मात्र ती दर पावसाळ्यात चालेलच असे नाही. वरच्या बाजूचा बोरी प्रकल्प भरून वाहू लागला तरच धबधबे सुरू होतात. हा जिल्हा दुष्काळाचा. काही वर्षी धरणच भरत नाही आणि सप्टेंबरात किल्ल्यात शिरणाऱ्याला कोरडा दगड दिसतो. समाजमाध्यमांवर फिरणारे व्हिडिओ कोणत्या वर्षीचे आहेत हे कोणी तपासत नाही. निघण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एकच : धरण भरले का?

उलट वर्षही येते. 2025 च्या सप्टेंबरात ऐन नवरात्रात परंडा, भूम तालुक्यांत पुराने हाहाकार केला. पिके गेली, जनावरे गेली, माणसांना पुरातून बाहेर काढावे लागले. अशा दिवसांत धबधबा बघायला गाड्या काढणे शोभत नाही आणि सुरक्षितही नाही. प्रवास पुढे ढकलता येतो, देव कुठे जात नाही.

चैत्रातले येरमाळा आणि तेर

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा. खरे बघण्यासारखे घडते ते दुसऱ्या दिवशी. पालखी डोंगरावरून निघते, वाटेतील शेतात भाविक चुन्याचे खडे वेचतात आणि पालखी आमराईत मुक्कामाला जाते. पाच दिवस देवीचा मुक्काम तिथेच. वेचलेल्या खड्यांचा चुना मंदिराच्या रंगकामाला वापरला जातो. लाखो हातांनी एकाच रानातून खडे वेचायचे, हा प्रकार नुसत्या वर्णनाने कळत नाही. पण एप्रिलचे ऊन असते. पारा चाळिशीकडे झुकलेला, सावली कमी. रक्तदाब-मधुमेह असलेल्यांनी घाई करू नये. श्रावणी पौर्णिमेलाही इथे यात्रा असते.

चैत्र वद्यात तेरला गोरोबाकाकांची यात्रा भरते. तेर म्हणजे प्राचीन तगर, ग्रीक खलाशाने पहिल्या शतकात नोंदवलेली बाजारपेठ. यात्रेच्या गर्दीत हे गाव बघून होत नाही. दिंड्या, टाळ-मृदंग, तेरणेचा काठ यांसाठी यात्रेतच जावे. विटांचे त्रिविक्रम मंदिर आणि लामतुरे वस्तुसंग्रहालयातील मातीच्या मूर्ती व हस्तिदंती बाहुलीसाठी मात्र दुसऱ्या कुठल्यातरी साध्या दिवशी.

प्रशासनाकडून काय हवे

व्हेनिस शहराने 2024 पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. तसे काही तुळजापुरात करावे असे कोणी म्हणणार नाही. आईच्या दारात येणाऱ्याला पावती कसली फाडायची? पण त्या शहराने गर्दीचे दिवस आधीच जाहीर केले, ती गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे.

महोत्सवाची जाहिरात, रोषणाई, सांस्कृतिक कार्यक्रम यांवर खर्च होतो. त्यातील थोडा पैसा आणि एखाद्या कर्मचाऱ्याचे चार दिवस एका साध्या पानावर खर्च व्हावेत. त्या पानावर वर्षभराच्या यात्रा आणि उरूस इंग्रजी तारखांसह असावेत, देवीच्या तीन निद्रांचे दिवस असावेत, खंडोबा सध्या कोणत्या गावी आहे आणि बोरी धरणात किती पाणी आहे, एवढे असावे. तालुक्याच्या लॉजवाल्यालाही त्याचा उपयोग आहे. अश्विनातील पंधरा दिवस त्याच्याकडे खोली मिळत नाही आणि माघात खोल्या रिकाम्या असतात.

ते पान येईपर्यंत घरातील कॅलेंडर आहेच. पुढच्या रजेचा अर्ज भरण्याआधी त्यात पौषाचे पान उघडून पौर्णिमेच्या आधीचा बुधवार किंवा गुरुवार शोधावा, आणि आईला विचारावे की तिला तो दिवस चालतो का.