विंचू, क्लोराइड आणि 'मग औषध कधी?'

कॅन्सरवरच्या संशोधनाची बातमी कोणी ग्रुपवर टाकली की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, 'मग औषध कधी?' दुसरा, 'इतकी वर्षं हे लोक करतात तरी काय?' पहिल्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुसऱ्याचा मात्र मला मनापासून राग येतो. कारण विचारणारे बहुतेक आपल्यातलेच. प्रॉडक्शनमध्ये बग आला की 'रूट कॉज सापडेपर्यंत कोडला हात लावायचा नाही' म्हणून ज्युनियरला झापणारे!

मेंदूतला ग्लायोमा घ्या. हा ट्यूमर म्हणजे कोयीसारखा अख्खा निघून येणारा गोळा नव्हे. त्याच्या पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेने, मज्जातंतूंच्या जुडग्यांमधून दूरवर शिरलेल्या असतात, आणि त्यातल्या कित्येक स्कॅनमध्ये दिसतही नाहीत. १९२८ साली वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने काही पेशंट्सच्या मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढल्याचं प्रसिद्ध केलं. तरीही ट्यूमर परत आले. तेव्हा 'डॉक्टरने नीट साफ केलं नसेल' हे वाक्य प्लीज आवरा.

मग या पेशी एवढ्या चिंचोळ्या जागेतून सरकतात कशा? हे शोधायला हॅराल्ड सॉन्थायमर यांच्यासारखी माणसं लागली. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात ते ग्लिया पेशींच्या आयन चॅनेल्सवर काम करत होते. चारचौघांत सांगितलं तर समोरचा चहा आणायला उठेल असा विषय. त्यातून कळलं ते हे: ग्लायोमाची पेशी क्लोराइड आणि पोटॅशियम बाहेर टाकते, त्यांच्यामागोमाग पाणी जातं, पेशी आकसते आणि फटीतून सटकते. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये पोट आत घेऊन शिरणारा माणूस आठवा. तेच!

डेथस्टॉकर विंचवाच्या विषात क्लोरोटॉक्सिन नावाचं ३६ अमिनो आम्लांचं इवलंसं प्रथिन असतं. ते ग्लायोमाच्या पेशींना चिकटतं आणि प्रयोगशाळेत त्यांची ही घुसखोरी मंदावतं. त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडून पेशंट्सवर चाचण्याही झाल्या. औषध मात्र बाजारात आलं नाही.

झालं, पैसे पाण्यात? थांबा. २००७ साली सिअ‍ॅटलच्या जिम ओल्सन यांच्या गटाने याच प्रथिनाला चमकणारा रंग जोडला, आणि उंदरांमधला ट्यूमर उजळून दिसला. सर्जनला कडा दिसाव्यात म्हणून पुढे माणसांवरही त्याच्या चाचण्या झाल्या. २०१९ मध्ये हायडलबर्गच्या फ्रँक विंकलर आणि स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे यांच्या गटांनी दाखवलं, की ग्लायोमाच्या पेशी न्यूरॉन्सशी चक्क सिनॅप्स जोडतात आणि त्या विजेवर पोसल्या जातात. दोघांना २०२५ चं ब्रेन प्राइज मिळालं. या शोधानंतर जर्मनीत फिट्सवरचं एक औषध ग्लायोब्लास्टोमाच्या पेशंट्सवर तपासायला घेतलं गेलं. रूट कॉज कळल्याशिवाय फिट्सचं औषध ट्यूमरवर लावून बघायचं कुणाला सुचलं असतं?

वेग कमी आहे, हे खरंच. २००५ च्या मोठ्या चाचणीत रेडिएशनला टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर ग्लायोब्लास्टोमाच्या पेशंट्सचं मध्यमान आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ झालं. अडीच महिने. तरी उपचाराची पद्धत त्यावर बदलली.

आणि आपली अधीरता निरुपद्रवी नसते. 'विंचवाच्या विषाने कॅन्सर बरा' एवढीच अर्धी बातमी लोकांच्या डोक्यात राहते, मग तिच्यावर दुकानं चालतात. क्यूबात व्हिडाटॉक्स नावाने निळ्या विंचवाच्या विषाचं होमिओपॅथिक 'औषध' निघालं. विंचू वेगळा, विष वेगळं, आणि तेही होमिओपॅथीच्या पद्धतीने पातळ केलेलं. हाताशी महिने मोजून उरलेलं घर असल्या बाटलीवर पैसे आणि वेळ दोन्ही घालवतं.

'औषध कधी?' हा प्रश्न त्या घराने हजारदा विचारावा, तो त्यांचा हक्क आहे. आपण धडधाकट माणसांनी, एसीत बसून, निदान 'नवीन काय कळलं?' एवढं तरी आधी विचारावं. आणि उत्तर कळेपर्यंत फॉरवर्डचं बटण दाबू नये. एवढी शिस्त तर आपण कोडलाही लावतो, नाही का?