केकवरची साखरेची पोळी : घरची की विकतची?

मैत्रिणींनो, वाढदिवस म्हटला की पूर्वी औक्षण, शिऱ्याची वाटी आणि शेजारच्या मुलांना पेढे, एवढ्यावर भागत असे. आता मुलांना केक हवा असतो, आणि तोही साधा क्रीमचा नको. त्यावर बाहुली हवी, नाहीतर मोटार, नाहीतर क्रिकेटचे मैदान! ही हौस शहरापुरती राहिलेली नाही. बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाहून मेहकरला जाताना लागणाऱ्या बीबीहून एका भगिनीने विचारले आहे, ‘मार्शमॅलो आणून फॉन्डंट घरीच करावे, की तयार मागवावे? घरचे स्वस्तच पडेल ना?’

ज्यांनी फॉन्डंट पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. फॉन्डंट म्हणजे साखरेची मऊ कणीक. तिची पोळी लाटून केकवर पांघरायची किंवा तिची फुले, अक्षरे, बाहुल्या करायच्या. विकतच्या फॉन्डंटमध्ये साखर, ग्लुकोजचा पाक, थोडे वनस्पती तेल, ग्लिसरीन आणि चिकटपणासाठी डिंकासारखे पदार्थ असतात. घरच्यात हा चिकटपणा मार्शमॅलोमधून येतो. मार्शमॅलो हे खरे तर जास्वंदीच्या कुळातले एक झाड. पूर्वी फ्रान्सकडे त्याच्या मुळाचा चिकट रस घालून मिठाई करीत. आता मिठाईत झाडाचे फक्त नाव उरले आहे. चिकटपणा येतो तो बहुतेक वेळा जिलेटिनमुळे.

आणि इथेच जरा थांबा. जिलेटिन जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून काढतात, काही वेळा माशांपासूनही. म्हणजे गंमत पाहा, शेजारणीने मुद्दाम सांगून बिनअंड्याचा केक करून घ्यायचा आणि आपण त्यावर जिलेटिनचे पांघरूण घालायचे! तिच्या सासूबाई माळकरी असतील, घर जैन असेल, तर हे बरे दिसेल का? मुसलमान शेजारीणही जिलेटिन कशाचे, असे विचारील, आणि तिने विचारणे रास्तच आहे. केक सुंदर झाला म्हणून ही गोष्ट झाकली जात नाही. लहान गावात चार घरी केक देणाऱ्या बाईची खरी कमाई म्हणजे तिचा शब्द. तो एकदा गेला की गेला.

म्हणून भाव विचारण्याआधी पाकिटावरची खूण पाहा. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी पदार्थाला पूर्वी तपकिरी ठिपका असे. २०२० च्या लेबलविषयक नियमांपासून तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण आला आहे. खूण नसलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले सुटे मार्शमॅलो कितीही स्वस्त मिळोत, दुसऱ्यासाठीच्या केकला घेऊ नका. हिरव्या ठिपक्याचे मार्शमॅलोही मिळतात, पण त्यातले काही नीट वितळत नाहीत. तेव्हा आधी ५० ग्रॅम वितळवून पाहा, मगच पुढचा घाट घाला.

आता स्वस्त-महागाचे. ‘घरचे ते स्वस्त’ हे पापड-कुरडयांना शोभते. गहू आपले, ऊन फुकटचे! मार्शमॅलो काही आपल्या शेतात पिकत नाही. ते जालन्याहून नाहीतर छत्रपती संभाजीनगरहून आणायचे, किंवा घरपोच मागवायचे. तेव्हा कागदावर हिशेब मांडा. मार्शमॅलो, आयसिंग शुगर, वनस्पती तूप, रंग, येण्याजाण्याचा खर्च आणि तुमचे दोन तास, हे सगळे धरा. दुसऱ्या बाजूला तयार फॉन्डंटचा भाव आणि त्याचे टपाल लिहा. दोन आकड्यांत फारसा फरक नसेल तर तयारच घ्या. तुमचे दोन तास फुकटचे नाहीत, बरं का!

पण चवीत घरचे सरस, हे कबूल करायला हवे. तयार फॉन्डंट पुष्कळदा नुसते गोड लागते आणि मुले ते सोलून बशीच्या कडेला ठेवतात. मार्शमॅलोचे मऊ असते, त्याला व्हॅनिलाचा वास असतो. घरात कुणाला जिलेटिनचे वावडे नसेल तर जरूर करून पाहा.

कृती अशी. २०० ग्रॅम मार्शमॅलोत दीड मोठा चमचा पाणी घाला आणि ते भांडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा. म्हणजे वीज गेली तरी अडत नाही. वितळून गुळगुळीत झाले की उतरवून थोडी थोडी करून ३५० ते ४०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर मिसळा. हाताला आणि ओट्याला वनस्पती तूप लावून कणकेसारखे मळा. फार सैल वाटले तर साखर, तडकू लागले तर पाण्याचे थेंब. गोळ्याला तुपाचा हात लावून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, डब्यात घाला आणि रात्रभर बाहेरच ठेवा. वितळलेले मार्शमॅलो कातडीला चिकटून चांगलेच भाजते, म्हणून त्या वेळी मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नका.

साखरेत मात्र काटकसर करू नका. मिक्सरवर दळलेल्या साखरेची कणी राहते आणि पोळी लाटताना फाटते. घरीच दळायची असेल तर १०० ग्रॅम साखरेला एक लहान चमचा कॉर्नफ्लॉवर घालून दळा आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा चाळा.

आपल्याकडच्या हवेचाही विचार हवा. विदर्भातला उन्हाळा कोरडा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की लाटलेली पोळी बघता बघता सुकते आणि तिला सुरकुत्या पडतात. अशा वेळी मळताना खाण्याच्या ग्लिसरीनचे चार थेंब घाला. औषधाच्या दुकानातले अंगाला लावायचे ग्लिसरीन इथे चालणार नाही. पावसाळ्यात उलट. हवेतली ओल शोषून फॉन्डंट चिकट होते, त्याला घाम सुटतो. फ्रीजमधून काढलेल्या केकवरही असेच पाणी धरते. म्हणून केक पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर त्याचा गारवा जाईपर्यंत खोके उघडू नका.

आणखी एक. फेटलेल्या क्रीमवर फॉन्डंट टिकत नाही, क्रीममधल्या पाण्याने ते विरघळू लागते. खाली बटरक्रीम तरी हवे नाहीतर चॉकलेटचा थर. भर उन्हाळ्यात बटरही पाघळते, तेव्हा चॉकलेटच बरे. ३०० ग्रॅम काळे चॉकलेट १२० ते १५० ग्रॅम गरम क्रीममध्ये विरघळवून, निवल्यावर लावा. ऊन कडक असेल तर क्रीम कमी घ्या.

माप सांगते. सहा इंची गोल आणि चार इंच उंच केक पूर्ण झाकायला सुमारे अर्धा किलो फॉन्डंट लागते, आठ इंचीला पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे केकवर केवढी ती साखर! म्हणून मी म्हणेन, सगळा केक झाकण्याचा हट्टच कशाला? चॉकलेटचा थर गुळगुळीत करा, आणि वर मुलाचे नाव, चार फुले, एखादी बाहुली एवढेच फॉन्डंटचे ठेवा. २५० ग्रॅममध्ये काम होते. खर्च वाचतो, आणि खाणाऱ्याचे तोंडही मिटत नाही.

तेव्हा निवड अशी करा. केक दुसऱ्याच्या घरी जाणार असेल, शाकाहारी मंडळी असतील, किंवा गडद लाल वा काळा रंग हवा असेल, तर हिरव्या ठिपक्याचे तयार फॉन्डंट घ्या. मुदतीची तारीख पाहा आणि फोडलेले पाकीट हवाबंद ठेवा. घरातल्याच मुलांसाठी, चवीसाठी आणि हौसेसाठी मार्शमॅलोचे करा. रंग मात्र दोन्हीत जेलचाच घ्या, पाण्यासारख्या पातळ रंगाने कणीक सैल होते.

दोन्ही नको असेल त्यांच्यासाठी तिसरी वाट आहे. गोव्यात नाताळला काजूचे मार्झिपान करतात, तसेच हे समजा. २०० ग्रॅम काजूची पूड १०० ग्रॅम साखरेच्या एकतारी पाकात शिजवून काजूकतलीसारखा गोळा मळा आणि दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये लाटा. ही पोळी ताणली जात नाही, म्हणून वर गोल चकती आणि बाजूला पट्टी असे लावावे. महाग पडते खरी, पण सोलून कुणी टाकीत नाही!

शेवटी, ज्या भगिनी केक विकतात त्यांना एक सांगणे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी करून घ्या. ऑर्डर घेताना ‘अंडे चालते का?’ याबरोबरच ‘जिलेटिन चालते का?’ हेही विचारा, आणि घातले असेल तर खोक्यावर स्वच्छ अक्षरांत लिहा. एखादी ऑर्डर त्यामुळे गेली तर जाऊ द्या. पुढच्या वाढदिवसाला ती बाई विश्वासाने तुमच्याकडेच येईल.