पुढचं आधी बघा

सायकलचं मागचं काही मोडलं तर माणूस थांबतो. पुढचं मोडलं तर पडतो, आणि बहुधा तोंडावर. गिरगाव ते दादर या पट्ट्यात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने एवढा फरक डोक्यात ठेवला, तर यापुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मागचं टायर बसलं, चेन उतरली, मागच्या चाकाचा स्पोक गेला, कॅरियर सुटलं, तरी सायकल खडखडत का होईना उभी राहते. पण पुढचं चाक फोर्कमधून निसटलं, फोर्कचा एक पाय मोडला, हँडल बुंध्यातून सुटून हातात आलं, किंवा चाकात काही अडकून ते जागच्या जागी थिजलं, तर सावरायला वेळच मिळत नाही. सायकल थांबते, अंग पुढे जातं. लालबागच्या रस्त्यावर पुढे काय असतं ते सांगायला नको.

तरीही आपण सायकलच्या दुकानात जातो ते हवा भरायला, पंक्चर काढायला, चेनला तेल द्यायला नाहीतर घंटी बसवायला. ‘जरा फोर्क बघा हो’ म्हणून कोणी सायकल नेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. ती सवय लावून घ्या, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पडलेला माणूस नेहमी सांगतो, ‘अचानक तुटलं.’ धातू सहसा असा अचानक तुटत नाही. चाक खड्ड्यात आदळतं तेव्हा जिथे वळण, भोक, आटे किंवा वेल्डिंगचा जोड असतो, तिथे ताण गोळा होतो आणि बारीकशी भेग पडते. नंतरच्या प्रत्येक दणक्याला ती वाढते. आत पाणी शिरतं, गंज धरतो. उरलेल्या धातूला भार पेलेनासा झाला की मगच तुकडा पडतो. पटत नसेल तर मोडलेला भाग उचलून त्याचं तोंड बघा. बऱ्याचदा एका बाजूला काळपट, गंजका पट्टा दिसतो आणि उरलेला धातू ताजा, चकचकीत असतो. काळपट भाग आधीच तुटलेला होता. तितके दिवस तुम्ही त्या भेगेवर बसून बाजारहाट करत होतात.

स्टील निदान इशारा देतं. वाकतं, कुरकुरतं, वरचा रंग तडकतो. ॲल्युमिनियम तेवढं सांगत नाही; लहान दणकेही त्याच्या खाती जमा होत राहतात. कार्बन फायबर तर बाहेरून धडधाकट दिसतं आणि आतले थर सुटलेले असतात.

आणि दणक्यांना आपल्या भागात तोटा नाही. उड्डाणपुलांचे सांधे, रस्त्याच्या पातळीखाली बसलेली गटारांची झाकणं, मंडप उतरल्यावर नीट न बुजवलेले खांबांचे खड्डे. ३१ मार्च १९६४ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली आणि रुळांत चाक अडकून पडण्याची जुन्या लोकांची भीती संपली. आता तेच काम काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधली लांबलचक फट करते. त्या फटीत पुढचं चाक गेलं आणि तुम्ही हँडल फिरवलंत, की रिमला आणि फोर्कला बसणारा पीळ सरळ खड्ड्यापेक्षा वाईट. फट ओलांडायचीच असेल तर तिरकी नको, जमेल तितकी आडवी ओलांडा.

फोर्क तुटण्याची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट मात्र फ्रान्सची आहे. १९१३च्या टूर द फ्रान्समध्ये यूजेन क्रिस्तोफ तूरमाले घाट उतरत असताना त्याचा फोर्क मोडला. दुसऱ्याची मदत घेणं नियमात बसत नव्हतं. गड्याने सायकल खांद्यावर टाकली, दहा-एक किलोमीटर घाट पायी उतरला, खालच्या गावातल्या लोहाराची भट्टी गाठली आणि स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. भात्याला एका पोराने हात लावला म्हणून पंचांनी वर दंडही ठोकला. लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला तिचा दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. सहा वर्षांनी, १९१९मध्ये, तोच क्रिस्तोफ स्पर्धेत सगळ्यांच्या पुढे असताना त्याचा फोर्क पुन्हा मोडला. त्या काळचे रस्ते आणि आजचे आपले रस्ते यांत फार अंतर आहे असं समजू नका.

तो शर्यतीतला माणूस होता, त्याला भट्टीशिवाय गत्यंतर नव्हतं. तुम्हाला आहे. वाकलेला फोर्क ठोकून सरळ करून घेऊ नका, तडा गेलेल्या फोर्कला किंवा हँडलला वेल्डिंग मारून घेऊ नका. ‘मारतो दोन टाके, वर्षभर बघायला नको’ असं सांगणारा कारागीर खोटं बोलत नसतो. त्याचा टाका टिकतोही. भेग टाक्याच्या शेजारी पडते, कारण तिथला धातू तापून कमजोर झालेला असतो. साध्या काळ्या सायकलचा नवा फोर्क काही फार महाग नसतो.

आता बघायचं काय आणि कसं. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या खाली टकटक जाणवली तर कप ढिले आहेत किंवा छर्रे गेले आहेत. मग पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून हँडल पिळून बघा. चाक स्थिर राहून हँडल फिरलं तर त्याचा बोल्ट तातडीने कसून घ्या. पुढचं चाक उचलून फिरवा आणि हाताने डावी-उजवीकडे ढकला. खेळत असेल तर कोन ढिला आहे. शेवटी फोर्कच्या माथ्याखाली, मडगार्ड सुरू होतो तिथे, बोट फिरवा. भेग किंवा पोपडा डोळ्यांआधी बोटाला लागतो. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. रोज नका करू, आठवड्यातून एकदा करा. पण सणसणीत खड्डा बसला किंवा सायकल पडली तर त्याच दिवशी करा.

पुढच्या चाकाचे नट हातानेच फिरत असतील तर सायकल बाहेर काढू नका. ज्यांच्या चाकाला नटाऐवजी खटका आहे त्यांनी तो नटासारखा फिरवत बसू नये. खटका दाबून मिटवायचा असतो, इतका घट्ट की तळहातावर वळ उठावा. २०१५मध्ये ट्रेक कंपनीने अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे दहा लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. उघडा राहिलेला खटका पुढच्या डिस्कमध्ये अडकून चाक थांबत होतं आणि एका माणसाला त्यातून कायमचं अपंगत्व आलं होतं. महाग सायकल म्हणजे सुरक्षित सायकल, हा समज त्या दहा लाखांत अनेकांचा असणार.

चाकात अडकणाऱ्या वस्तूंबद्दल थोडं. दादरच्या मंडईतून निघालेल्या निम्म्या सायकलींच्या हँडलला भाजीची पिशवी लोंबत असते. वळताना ती झुलते, स्पोकमध्ये जाते, चाक लॉक होतं. यात सायकलचा काही दोष नाही. पिशवी कॅरियरला बांधा नाहीतर पुढे घट्ट टोपली बसवून घ्या. पुढच्या मडगार्डच्या ताराही तशाच. एक स्क्रू गळाला की मडगार्ड गोळा होऊन चाकाखाली जातो. खडखडणारा मडगार्ड तारेने किंवा सुतळीने बांधून महिनोन्‌महिने चालवणारे आपल्याकडे खूप. त्यांनी निदान मडगार्ड काढून ठेवावा. चिखल उडेल, दात राहतील.

ब्रेकबद्दल एक खुळा समज आहे. पुढचा ब्रेक लावला की सायकल उलटते म्हणून तो ढिलाच ठेवायचा, किंवा काढूनच टाकायचा. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर तीनबत्तीहून चौपाटीकडे किंवा टिळक पुलावरून फुलबाजाराकडे उतरणं म्हणजे चाक घसरत खाली जाणं. दोन्ही ब्रेक लागले पाहिजेत. वायर कधीही मधे तुटत नाही असं नाही, पण बहुधा ती तुटते ब्रेकच्या दांड्याशी, जिथे तिची गोळी बसते. दांडा दाबून आत डोकवा. एक जरी धागा सुटलेला दिसला तरी वायर बदला. आणि पावसात, विशेषतः चकचकीत लोखंडी रिमवर, रबर सुरुवातीला धरतच नाही. उतार लागायच्या आधीच ब्रेक हलके दाबत राहा म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जाईल.

समुद्राचा विषय टाळता येणार नाही. गिरगावच्या चाळीत जिन्याखाली किंवा गॅलरीत बांधलेली सायकल पावसाळाभर खारट दमट हवा खाते. वरून पुसता येतं. फोर्कच्या नळीच्या आत, ब्रेक वायरच्या नळीच्या आत कोण पुसणार? म्हणून दिवाळीआधी एकदा सायकल पूर्ण उघडून, छर्रे काढून, धुऊन, ग्रीस भरून घ्या. मरीन ड्राइव्हवर पहाटे झुंडीने जाणाऱ्या गिअरच्या सायकलवाल्यांनाही हेच. तुमच्या हँडलच्या टेपखाली घाम मुरतो आणि ॲल्युमिनियम खातो. टेप बदलताना खालचं हँडल नीट बघा. पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले तर नवी टेप त्याच्यावर गुंडाळू नका. तुमच्या शिमानोच्या क्रँकलाही अपवाद समजू नका: २०१२ ते २०१९ या काळात बनवलेल्या काही क्रँकचे चिकटवलेले दोन भाग सुटतात म्हणून २०२३मध्ये कंपनीने तपासणी जाहीर केली. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ लाख ८० हजार क्रँक होते. पायडलवर उभं राहून केम्प्स कॉर्नरचा चढ मारताना क्रँक सुटला तर काय होईल, ते तुम्हीच ठरवा. हा मागचा-पुढचा नियम तिथे मोडतो, हे कबूल. चेन झिजून दात सोडत असेल तेव्हाही मोडतो. अशा सायकलवर चिंचपोकळीच्या पुलावर उभं राहून पायडल मारू नका.

खोक्यातून घरी येणाऱ्या नव्या सायकली हा वेगळाच प्रकार. पोराच्या वाढदिवसाला आलेली सायकल बाबा आणि काका मिळून पान्याने जोडतात आणि फोर्क उलटा बसवतात. ब्रेक मागच्या बाजूला आला की ओळखा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या उलट दिशेने कसायचा. जोर लावून उजवा पायडल डावीकडे घातलात तर आटे घसरतात आणि पोरगं वाडीच्या तोंडाशी पायडलसकट खाली येतं. जोडणी सायकलवाल्याकडून करून घ्या, पैसे द्या, आणि महिन्याभराने सगळे नट पुन्हा कसून घ्या.

हे सगळं ज्यांची सायकल स्वतःची आहे त्यांना सांगितलं. पण या भागात सगळ्यांत जड सायकली चालवणारे लोक बहुधा दुसऱ्याच्या सायकलवर असतात. पहाटे पाव पोचवणारा, किराण्याच्या दुकानातून घरपोच सामान आणणारा, बर्फाची लादी नेणारा, पाण्याचे जार वाहणारा. सायकल शेठची, मान पोऱ्याची. त्याने ‘फोर्क वाजतोय’ म्हटलं तर ‘चालव अजून महिनाभर’ असं उत्तर मिळतं, आणि दुरुस्तीला स्वतःच्या पगारातून घालायची त्याची ऐपत नसते. डबेवाल्यांचं बरं आहे. त्यांची सायकल सहसा स्वतःची असते आणि तिच्यावर पोट आहे हे त्यांना ठाऊक असतं.

तेव्हा शेठ, तुम्हाला स्पष्टच सांगतो. दुकानाच्या सायकलवर जो भार लादता त्याला ती सायकल बनवलेलीच नसेल, तर निदान पुढचा भाग तरी धड ठेवा. जवळच्या सायकलवाल्याकडे खातं उघडा आणि पोऱ्याला सांगा, तुला खटकलं तर मला विचारायला येऊ नको, थेट तिकडे ने. भार मागे ठेवा. पुढच्या दांडीला अडकवलेले कॅन आणि हँडलवरच्या पिशव्या बंद करा. आणि ज्यांच्या दारात सामान येतं त्यांनीही दहा मिनिटांत आणायचा हट्ट सोडावा. उतारावर ब्रेक न लावता सुटण्यामागे बऱ्याचदा वरच्या मजल्यावरून आलेला फोन असतो.

इतकं करूनही चालत्या सायकलवर काही गेलंच, तर: पुढचं टायर फुटलं तर पुढचा ब्रेक सोडा, मागचा हळूहळू लावा, हँडल सरळ धरा. उतारावर हँडल थरथरायला लागलं तर ते आवळून धरू नका. दोन्ही गुडघे मधल्या दांडीला दाबा आणि मागचा ब्रेक हलका लावा. एक ब्रेक गेला तर दुसरा एकदम करकचून न दाबता अंग मागे टाका आणि रिकामी कड शोधा. पुढच्या चाकात पाय घालून थांबवायला जाऊ नका.

आणि फोर्क बदलाल तेव्हा जुना तिथेच ठेवून येऊ नका. ‘राहू दे, भंगारात देतो’ म्हणून ठेवलेला फोर्क सरळ होऊन, रंग लागून दुसऱ्या कोणाच्या सायकलला बसतो. कारागिराला हॅकसॉ काढायला सांगा आणि त्याचे दोन्ही पाय तुमच्यासमोर कापून घ्या.