डच गेले, शब्द राहिले

इंडोनेशियातील कारकून रोज ज्या कचेरीत जातो तिला तो ‘कान्तोर’ म्हणतो. शब्द डचांचा. टॉवेल म्हणजे ‘हान्दुक’, गाजर म्हणजे ‘वोर्तेल’, मोटारीचा ब्रेक म्हणजे ‘रेम’, हेही त्यांचेच. १९४२ साली जपान्यांनी डच भाषेवर बंदी घातली, १९४५ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली. हे शब्द मात्र जागचे हलले नाहीत. त्यांत गुलामीचा अवशेष पाहणाऱ्यांशी सहमत होणे कठीण आहे. डच सत्तेने आपली भाषा मूठभरांनाच शिकविली. जनतेशी कारभार बहुतांशी मलायीतून चालविला. सामान्य माणसाने हे शब्द शाळेत घोकले नाहीत. कचेरीत, मुदपाकखान्यात, कारखान्यात ते त्याच्या कानांवर पडले आणि त्याने ते आपल्या जिभेला मानवतील असे वळवून घेतले. ‘विंकेल’चेच पाहा ना! डचांच्या लेखी आज ते दुकान. त्यापासून झालेले ‘बेंकेल’ म्हणजे मोटारदुरुस्तीची जागा. ज्याचा अर्थही घेणाऱ्याने आपल्या सोयीने ठरविला, त्या शब्दाला उसना का म्हणावे? आपला ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला, पण एक तारखेला ते कोणाला आठवते? कान्तोरमधील कारकुनाला निवृत्तीनंतर मिळते ते ‘पेन्सियुन’. तेही डचांचेच.