सूचना चोवीस तासांची, तयारी तीन दिवसांची

गुरुवारी रात्री 12 पासून शुक्रवारी रात्री 12 पर्यंत पाणी येणार नाही, अशी सूचना दिव्यात आली की आता कुणी दचकत नाही. ठाणे महापालिकेच्या या सूचनेतली नावेही बहुतेकांना पाठ झाली आहेत: दिवा, कळवा, मुंब्र्याचा बराचसा भाग, वागळे इस्टेटमधले किसननगर आणि रुपादेवी पाडा. घरोघरी कळश्या घासल्या जातात, बादल्या भरल्या जातात. पण सूचनेचे शेवटचे वाक्य बहुतेक घरांत वाचायचे राहते. पुरवठा सुरू झाल्यावर पुढचे एक-दोन दिवस पाणी कमी दाबाने येईल, असे त्यात लिहिलेले असते. दिव्याचे हाल होतात ते बहुधा याच वाक्यामुळे, आणि घराची तयारीही त्याच्याच हिशेबाने व्हायला हवी.

दिव्याच्या नळाला येणारे पाणी एमआयडीसीचे. बारवी धरणातून सोडलेले पाणी उल्हास नदीत येते, तिथून उचलून जांभूळच्या केंद्रात शुद्ध होते आणि मोठ्या गुरुत्ववाहिन्यांमधून कटई नाक्याच्या बाजूने पुढे सरकते. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आणि कल्याण ग्रामीणमधली 27 गावेही याच व्यवस्थेवर अवलंबून आहेत. जांभूळला वीजयंत्रणेची देखभाल निघाली किंवा वाहिनीला गळती लागली की एवढ्या सगळ्या वस्तीचे नळ एकदम कोरडे पडतात. काम संपले तरी पाणी लगेच घरात पोहोचत नाही. आधी मैलोन्‌मैल रिकाम्या झालेल्या वाहिन्या भराव्या लागतात, मग सखल भागातली आणि मुख्य वाहिनीजवळची घरे पाणी ओढून घेतात. उंचावरच्या आणि बारीक जोडणीच्या चाळींना उरलेसुरले मिळते, तेही उशिरा.

मग साठवायचे तरी किती? आपत्तीच्या काळात माणशी रोज किमान 15 लिटर पाणी मिळावे, असा मदतकार्यातला जागतिक निकष आहे. 2018 मध्ये केपटाऊनचे नळ बंद पडायची वेळ आली, तेव्हा तिथल्या प्रशासनाने माणशी 50 लिटरची मर्यादा घातली होती. आपल्याकडे शहरांसाठी 135 लिटरचा मानदंड धरतात. यातला सर्वांत कमी आकडा घेतला तरी चार माणसांच्या घराला दिवसाला 60 लिटर लागतात, म्हणजे तीन दिवसांना 180. दोन बादल्या आणि दोन हंडे भरले तर साधारण 70 लिटर होतात. ते जेमतेम शुक्रवारपुरते असतात. शनिवारची सकाळ उजाडते ती टँकरमागे धावण्यात. 200 लिटरचे एक निळे पिंप मात्र तिन्ही दिवस निभावून नेते.

दहा बाय दहाच्या खोलीत पिंप ठेवायचे कुठे, हा प्रश्न खराच आहे. त्यावर उपाय म्हणजे पाण्याची वाटणी. पिण्यासाठी माणशी 3 लिटर धरले तर चौघांना तीन दिवसांत 36 लिटर लागतात. तेवढे पाणी झाकणाच्या स्वच्छ भांड्यांत, घरात. भांडी-शौचाचे पाणी बाहेर व्हरांड्यात, दोन-तीन बिऱ्हाडांनी मिळून घेतलेल्या पिंपात. चादरी आणि जाडे कपडे बुधवारीच धुऊन टाकावेत. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी एका बादलीत जमवले की संडासाची सोय होते.

एक सवय मात्र सोडायला हवी. नवे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतून द्यायचे, ही रीत अनेक घरांत आहे. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले नळाचे पाणी एका रात्रीत खराब होत नाही. बंदच्या आठवड्यात ओतून दिलेली प्रत्येक कळशी शनिवारी आठवते.

साठवणुकीची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. त्यामुळे पिंपावर घट्ट झाकण हवे, ते नसेल तर दोरीने ताणून बांधलेले कापड हवे. आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतला काठ ब्रशने घासायला हवा. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण काठाला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात.

पाणी परत येते ती घडी सर्वांत नाजूक. वाहिनी रिकामी असताना तिच्या भेगांमधून आजूबाजूच्या गटाराचे पाणी आत शिरू शकते. अशा वेळी कुणी नळाला थेट मोटर लावली की ओढ आणखी वाढते आणि ती घाण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हंड्यांतही उतरते. म्हणून पहिले गढूळ पाणी संडासासाठी वेगळे काढावे आणि पुढचे दोन-तीन दिवस पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. थेट मोटर लावण्याकडे तर चाळीने आणि महापालिकेने दोघांनीही काणाडोळा करू नये. इमारतींनी टाकीतले पाणी दिवसभर मोकळे न सोडता सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळ सोडले, तर तळमजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना पुरते. घराबाहेर पडताना गीझर आणि प्रत्येक नळ बंद आहे ना, हे पाहायला हवे. उघड्या राहिलेल्या नळाला मध्यरात्री पाणी आले, तर ज्याची वाट पाहिली तेच वाहून जाते.

एवढे सगळे घराने केल्यावर यंत्रणेकडे काही मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. काटकसरीने पाणी वापरण्याचे आवाहन प्रत्येक सूचनेत असते. दिव्यातल्या ज्या बाईने कधी पाण्याची चैन केलीच नाही, तिला त्याचा उपयोग काय? दातिवली, साबे, आगासन, बेतवडे या भागांत टँकर कुठे आणि किती वाजता उभा राहील, हे सूचनेतच छापले गेले पाहिजे. पुरवठा सुरू झाल्यावर नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनची तपासणी करून तिचा निकाल त्याच दिवशी जाहीर व्हायला हवा. देखभालीची कामे आधी ठरलेली असतात. त्यांची खबर आदल्या दिवशी संध्याकाळी न देता आठवडाभर आधी देणे अवघड नाही.

सर्वांत जास्त गरज आहे ती भागनिहाय वेळेची. दिव्यातली कितीतरी माणसे पहाटेची लोकल पकडतात आणि रात्रीच घरी परततात. शनिवारी पाणी कोणत्या भागात साधारण किती वाजता येईल, ही एक ओळ सूचनेत वाढली, तर नळावर थांबायला कोणी घरी राहायचे की शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवून जायचे, हे त्या घराला गुरुवारी रात्रीच ठरवता येईल.