गाडीचे वय की धुराचे मोजमाप?

जुन्या डिझेल व्हॅनमधील झिजलेले इंजिन काढून त्या जागी सीएनजीचे इंजिन बसवण्याची तरतूद आपल्या नियमांत आहे. बॅटरी आणि विद्युत मोटार बसवण्याचीही आहे. मात्र त्याच व्हॅनमध्ये त्याच कंपनीचे, नंतरच्या काळातील आणि कमी धूर सोडणारे डिझेल इंजिन बसवायचे म्हटले, तर देशभर लागू असलेली सरळ वाट उपलब्ध नाही. हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजमधला वाटेल. परंतु शाळेतील मुलांची ने-आण करणारे, डोंगराळ राज्यांत प्रवासी वाहून नेणारे, भाजीपाला आणि किराणा बाजारापर्यंत पोहोचवणारे व्हॅनमालक आणि त्यांच्या गाड्यांचा धूर श्वासात घेणारी शहरे, या दोघांचेही हित त्यात गुंतलेले आहे. वाहनाची उपयुक्तता त्याच्या वयावरून ठरवायची की त्यातून बाहेर पडणाऱ्या धुरावरून, या मोठ्या धोरणात्मक प्रश्नाचे उत्तर आपण अजून दिलेले नाही.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेले तपशील यांत तफावत पडेल असा कोणताही बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ निःसंदिग्धपणे मान्य केला. किमान दहा व्यावसायिक वाहने असलेल्या मालकाला राज्य सरकारच्या अधिसूचनेने पूर्वपरवानगीशिवाय इंजिन बदलण्याची मुभा मिळू शकते. पण तेथेही अट आहे ती ‘त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे’ इंजिन असण्याची. २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. याचा व्यावहारिक परिणाम विचित्र आहे. धूर ओकणारे जुने इंजिन काढून तसेच दुसरे जुने इंजिन बसवणे कायद्याच्या चौकटीत बसू शकते. त्याहून स्वच्छ इंजिन बसवणे मात्र संशयास्पद ठरते.

या कलमाला अपवाद आहे तो इंधन बदलण्याचा. सीएनजी, एलपीजी, बॅटरी किंवा सौरऊर्जा यांवर वाहन चालावे म्हणून मान्यताप्राप्त संच बसवण्यास कायदा परवानगी देतो. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने साडेतीन टनांपेक्षा कमी वजनाच्या बीएस-६ वाहनांतही डिझेल इंजिनाच्या जागी सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवण्याची तरतूद केली. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या विद्युत वाहनांत रूपांतरित करण्यास अनुमती देण्याचे ठरवले. म्हणजे सांगाडा जुना असला तरी त्यातील ऊर्जायंत्रणा बदलल्यास वाहनाकडे नव्या दृष्टीने पाहता येते, हे तत्त्व शासनाने आधीच स्वीकारले आहे. प्रश्न उरतो तो इतकाच, की हे तत्त्व इंधन बदलण्यापाशीच का थांबावे?

याचे उत्तर दिल्लीच्या हवेत शोधावे लागते. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना मज्जाव केला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याला दुजोरा देत पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवरील बंदीही अधोरेखित केली. त्यानंतर अंमलबजावणी कधी कडक तर कधी शिथिल राहिली. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना पंपावर इंधन नाकारण्याचा आदेश निघाला आणि लोकक्षोभामुळे काही दिवसांतच तो लांबणीवर पडला. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. १७ डिसेंबरला त्या आदेशात बदल करून हे संरक्षण बीएस-४ आणि त्यानंतरच्या वाहनांपुरते मर्यादित केले.

या शेवटच्या बदलाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. न्यायालयाने जन्मतारखेकडून उत्सर्जन मानकाकडे एक पाऊल टाकले आहे. वाहन किती वर्षांचे आहे, यापेक्षा ते कोणत्या मानकाचे आहे, हा निकष पुढे आला आहे. पण मानक हाच निकष असेल, तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही: बीएस-३ काळात नोंदलेल्या व्हॅनमध्ये पुढच्या मानकाची संपूर्ण यंत्रणा बसवली, तर ती व्हॅन कोणत्या गटात मोडते? आजच्या नोंदणीपद्धतीत तिची ओळख प्रथम नोंदणीच्या दिवशीच गोठलेली असते.

येथे ‘संपूर्ण यंत्रणा’ हे शब्द जाणीवपूर्वक वापरले आहेत, कारण या चर्चेतील सर्वांत मोठा गैरसमज तेथेच आहे. नवे इंजिन म्हणजे आपोआप स्वच्छ इंजिन नव्हे. डिझेल मोटारींसाठी सूक्ष्म कणांची मर्यादा बीएस-३ मध्ये किलोमीटरमागे ५० मिलिग्रॅम होती. ती बीएस-४ मध्ये २५ आणि बीएस-६ मध्ये ४.५ मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा याच टप्प्यांत ५०० वरून २५० आणि मग ८० मिलिग्रॅम झाली. शेवटची मोठी घट केवळ सिलिंडरच्या आतील सुधारणेने झालेली नाही. ती कण अडवणाऱ्या फिल्टरने, उत्प्रेरकांनी, अनेक गाड्यांत युरियाचे द्रावण फवारणाऱ्या यंत्रणेने आणि या सर्वांवर लक्ष ठेवणाऱ्या संवेदकांनी साधलेली आहे. एप्रिल २०२० पासून देशभर मिळू लागलेल्या, गंधकाचे प्रमाण दशलक्षात दहा भागांवर आणलेल्या डिझेलचाही त्यात वाटा आहे. इंजिन आणले पण फिल्टर मागेच ठेवला, तर ताकद वाढेल, इंधन वाचेल. हवा मात्र अपेक्षेइतकी सुधारणार नाही.

आपल्या रस्त्यांवरचेच उदाहरण घेऊ. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आणलेली ट्रॅव्हलर व्हॅन हिमाचलपासून केरळपर्यंत सर्वपरिचित आहे. तिच्या आरंभीच्या पिढ्यांत मर्सिडीज-बेंझच्या आराखड्यावरचे, यांत्रिक पंपाने इंधन पुरवणारे साधे डिझेल इंजिन होते. पुढे याच मालिकेत २.६ लिटरचे कॉमन रेल इंजिन आले. एकाच घराण्यातील गाडी असल्याने हे नवे इंजिन जुन्या सांगाड्यात बसवणे कुशल मेकॅनिकला अशक्य वाटत नाही. पण त्यासाठी इंजिनाचे माउंटिंग, गिअरबॉक्सची जुळणी, उच्च दाबाची इंधनवाहिनी, रेडिएटर, इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आणि त्याचे वायरिंग हे सारे बदलावे लागते. ताकद वाढली की ब्रेकचाही विचार करावा लागतो. हे काम नीट झाले की नाही, हे तपासणारी अधिकृत व्यवस्थाच आज नाही.

आणि जी तपासणी आहे ती तोकडी आहे. डिझेल वाहनाच्या पीयूसी चाचणीत उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराची अपारदर्शकता मोजली जाते. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजले जात नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची संख्याही मोजली जात नाही. फिल्टर काढून टाकलेली गाडी वाईट स्थितीत नसेल, तर ती या चाचणीतून सुटू शकते. म्हणूनच ‘पीयूसी उत्तीर्ण म्हणजे गाडी स्वच्छ’ हा युक्तिवाद इंजिनबदलाच्या समर्थकांनीही करू नये.

दरम्यान बंदी असूनही इंजिने बदलली जातातच. दिल्लीचे मायापुरी असो वा मुंबईतील कुर्ला, भंगारातून निघालेल्या सुट्या भागांचे बाजार देशभर आहेत. नव्या व्हॅनचा हप्ता न परवडणारा मालक तेथून मिळेल ते इंजिन बसवतो. बदल नोंदवला जात नाही, इंजिन क्रमांक आणि नोंदणी यांचा मेळ राहत नाही, चोरीच्या मालाला वाट मिळते, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा वादात सापडतो. व्हॅनमधून प्रवास करणाऱ्यांना यातील काहीच ठाऊक नसते. अधिकृत दार बंद असल्यामुळे बदल थांबलेले नाहीत. थांबली आहे ती त्यांवरची देखरेख.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया हे वाहनप्रदूषणाबाबत कमालीचे कठोर राज्य मानले जाते. तेथेही इंजिनबदलावर सरसकट बंदी नाही. अटी मात्र नेमक्या आहेत. बसवले जाणारे इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा तिच्याहून नवे असले पाहिजे. वाहनाचा वर्ग जुळला पाहिजे. त्या इंजिनासोबत मूळ गाडीत असलेली प्रदूषण नियंत्रणाची सर्व साधने जशीच्या तशी आली पाहिजेत. आणि हे सारे राज्याने नेमलेल्या स्वतंत्र तपासनिसाने पाहून प्रमाणित केले पाहिजे. या चार अटींमागचे सूत्र साधे आहे: बदल करायचा तर तो पुढच्या दिशेने, मागच्या दिशेने नव्हे.

भारताला असा मार्ग खुला करण्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. २०१९ च्या दुरुस्तीने वाहनातील बदलांची मानके, मंजुरीच्या अटी आणि यंत्रणा बसवण्याचे नियम ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिलेला आहे. त्या अधिकारात पुढील चौकट आखता येईल. मूळ उत्पादकानेच एखाद्या मॉडेलसाठी इंजिन, नियंत्रक, फिल्टर आणि उत्प्रेरक यांचा एकत्रित संच सादर करावा आणि एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून तो प्रमाणित करून घ्यावा. बसवण्याचे काम अधिकृत कार्यशाळेतच व्हावे. त्यानंतर स्वयंचलित तपासणी केंद्रात ब्रेक, सांगाडा आणि उत्सर्जन यांची चाचणी व्हावी. जुने इंजिन नोंदणीकृत भंगार केंद्रात जमा केल्याखेरीज नव्याची नोंद ‘वाहन’ प्रणालीत होऊ नये, म्हणजे तेच इंजिन दुसऱ्या गाडीत परतणार नाही. आणि नोंदीत वाहनाच्या वयासोबत त्याचे बदललेले मानकही दिसावे.

यावर आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. डिझेलला नवे आयुष्य दिल्याने विद्युत वाहनांकडे जाण्याचा वेग मंदावेल, हा पहिला. म्हणूनच ही सवलत कायमची नसावी. एका गाडीला एकदाच आणि ठरावीक वर्षांपुरतीच असावी. दिल्लीसारख्या गुदमरणाऱ्या प्रदेशात फिल्टरसह संपूर्ण बीएस-६ यंत्रणेखेरीज दुसरे काहीही मान्य करू नये. जेथे सीएनजीचे जाळे आहे आणि चार्जिंग सोयीचे आहे, तेथे ते पर्याय आधी तपासले जावेत. पण जेथे हे दोन्ही पोहोचलेले नाही अशा डोंगराळ आणि दुर्गम भागांतील मालकाला आज पर्याय नसतो, हेही विसरू नये. दुसरा आक्षेप खर्चाचा. अनेक जुन्या गाड्यांसाठी असा संच परवडणारच नाही आणि त्यांनी भंगारातच जावे हे इष्ट आहे. गंजलेल्या सांगाड्याला कोणतेही इंजिन वाचवू शकत नाही. तिसरा आक्षेप गैरव्यवहाराचा. परंतु तो देखरेख कडक करण्याच्या बाजूने जातो, दार बंद ठेवण्याच्या नव्हे.

२०२१ च्या भंगार धोरणाने नव्या खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ केली. ज्याच्याकडे नवी गाडी घेण्याची ऐपत आहे त्याला तिचा उपयोग आहे. एकाच व्हॅनवर घर चालवणाऱ्याला ती फारशी उपयोगी पडत नाही. त्याच्यासमोर आज गाडी भंगारात काढणे किंवा नियम मोडणे हे दोनच मार्ग आहेत. त्याला तिसरा, अवघड पण प्रामाणिक मार्ग देणे शासनाच्या हाती आहे. त्या बदल्यात शासनाने त्याच्याकडून मागायचे ते एकच: धूर खरोखर कमी झाला, याचा मोजलेला पुरावा.